बावीस अभिप्राय

“ऐनक घरीच राहून गेली हो,” नरहररावांनी खिसे चाचपत सांगितलं. “तुम्हीच वाचा, केशवराव.”

चष्मा शेरवानीच्या आतल्या खिशातच होता. पण हिमायतनगरच्या त्या छोट्या मराठी वाचनालयात जमलेल्या मंडळींना ते कसं कळावं? निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली होती, चार माणसं जमवायला आता कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि पहिल्याच जाहीर सभेला चिटणीस केशवरावांनी आपल्या सर्वांत चोखंदळ वाचकाला, नरहररावांना, बोलायला बोलावलं होतं.

हा चोखंदळ वाचक कोर्टात पेशकार होता. न्यायाधीशापुढे दिवसभर उर्दू कागद वाचायचा. त्याचं उर्दू अक्षर बघायला नवे वकील मुद्दाम टेबलाशी यायचे. घरात बोलणं मराठी, पण शिक्षण सगळं उर्दू शाळेत. मराठीची एक ओळ अक्षरं लावत संपवेपर्यंत चहा निवायचा. वाचायची ती बायको, कुसुम. तिला वडिलांनी पोथ्यांवर अक्षरं शिकवली होती. सभासद नरहरराव, म्हणून पुस्तक ते आणत. संध्याकाळी ती मोठ्यानं वाची आणि हे तक्क्याला टेकून ऐकत.

कुसुमला पुस्तकांचा राग यायचा, अगदी खराखुरा. एका दुःखी सुनेची कादंबरी तेव्हा गाजत होती. ती संपल्यावर तिनं एका कागदावर लिहिलं, ‘ही सून तीनशे पानं रडते. त्या घरात स्वयंपाक कोण करतं, ते लेखकानं कुठंच सांगितलेलं नाही.’ कागद पुस्तकातच राहिला. केशवरावांनी तो वाचला, पोट धरून हसले, अभिप्रायांच्या वहीत उतरवला आणि खाली नाव घातलं, नरहरराव. हे माझं नव्हे, असं सांगायचं तेव्हा राहून गेलं, आणि मग कौतुक गोड लागलं. कुसुमही हसून पुढचा कागद द्यायची. असे एकवीस झाले. बाविसावा आज सभेत वाचायचा होता.

या वेळचं पुस्तक कादंबरी नव्हतं. कुणा कार्यकर्त्यानं खेडोपाडी हिंडून वेठबिगारीबद्दल लिहिलं होतं. केशवराव उभे राहून खणखणीत वाचू लागले.

‘हे पुस्तक खोटं आहे असं कुणी म्हणू नये. माझ्या माहेरी…’

केशवराव अडखळले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. केशवराव भला माणूस. त्यांनी लगेच सावरून घेतलं. घाईत आजोळी म्हणायचं राहिलं असेल, असं ते हसत म्हणाले आणि त्यांनी नरहररावांकडे पाहिलं.

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. नरहररावांची मान निम्मी खाली आलीही होती. मग ते उठून उभे राहिले.

“नाही. माहेरीच. ते माझ्या घरून लिहिलंय. हेच नाही, सगळेच. मला मराठी वाचायला येत नाही, केशवराव. तालीम उर्दूत झाली. आता खोटं कायकू बोलू?”

घरून म्हणजे कुणी, असं केशवरावांनी हळूच विचारलं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची वेळ नरहररावांवर कधी आली नव्हती.

“कुसुम,” ते म्हणाले. “कुसुम नाव आहे तिचं.”

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतले दोन वकील, तेही उर्दू शाळेतलेच, आपल्या बुटांकडे बघत राहिले. केशवरावांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

‘…माझ्या माहेरी एक बाई पाणी भरायची. तिची वेठ होती. लग्न होईपर्यंत मी तिला रोज पाहिलं. पुस्तक मिटल्यावर भावाला पत्र लिहून तिचं नाव विचारलं. त्याला ठाऊक नाही. मलाही नाही.’

घरी कुसुम तांदूळ निवडत होती. नरहररावांनी टोपी खुंटीला लावली आणि सगळं सांगितलं.

“ते माहेरचं वाक्य तू मला वाचून नाही दाखवलंस.”

“नाही दाखवलं.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “त्या बाईचं नाव इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून लिहायला बसले. आणि ध्यानात आलं, खाली माझंही नाव यायचं नाही. रागावलात?”

“घरी येताना नारायणगुड्यापर्यंत रागावलो होतो. मग चालता चालता रागावायचं राहिलं.”

पुढच्या रविवारी कुसुम सभासद झाली. तिची सही झाल्यावर नरहररावांनी अभिप्रायांची वही मागितली. केशवराव म्हणाले, मी दुरुस्त करतो. पण ते ऐकेनात. आठवडाभर त्यांनी पाटीवर तीन अक्षरं गिरवली होती. सगळ्यांसमोर ऐनक लावून त्यांनी प्रत्येक पानावरचं आपलं नाव खोडलं आणि खाली लिहिलं, कुसुम. कोर्टात नावाजलेला तो हात इथं पहिलीतल्या पोरासारखा चालत होता. कुसुम शेजारी उभी होती. तिला कौतुक वाटत होतं आणि डोळेही भरून येत होते.

बाविसाव्या अभिप्रायाखाली जागा कोरीच होती. नरहररावांनी टाक टेकवला, तेवढ्यात ती म्हणाली, “वर एक ओळ सोडा. भावाला परत लिहिलंय. गावात एक म्हातारी आहे, तिला त्या बाईचं नाव ठाऊक असेल.”

त्यांनी एक ओळ सोडली आणि तिच्याखाली सावकाश कुसुमचं नाव लिहिलं.