चौतीस दाती

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला नाही, सायकलच्या दुकानातून आला. तो कारखान्यात गिअर कापायच्या मशीनवर उभा होता. "वहिनी चक्कर येऊन पडल्या, लगेच नीघ," छर्रा म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरूनच याला कळलं की आता निघून उपयोग नाही. छर्रा म्हणजे सायकल मेकॅनिक, तीस वर्षांचा दोस्त. बेअरिंगमधल्या छऱ्यासारखा गोल आणि एका जागी न ठरणारा. "चाकात हवा भरायला थांबल्या होत्या," असं तो नंतर म्हणाला. याने ते धरून ठेवलं.

तीन महिने झाले. पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत बायकोने नाव घातलं होतं. आता आईच्या जागी लेक उतरणार होती. शर्यत रविवारी, म्हणून मंगळवारी याने भिंतीवर टांगलेली बायकोची सायकल खाली काढली.

मार्ग त्याला पाठ होता. तळ्याच्या कडेने सात चढ, आणि माथ्यावर आडवा वारा. बायकोची सायकल त्यानेच लावून दिली होती: ओणवं होऊन धरायचे दांडे, उंच रिमची चाकं, मागच्या चाकावर सर्वांत मोठी चकती अठ्ठावीस दातांची. तिने एकदा चौतीस दात मागितले होते, चढ हलका जावा म्हणून. तेव्हा हा हसला होता. "चौतीस? त्यापेक्षा उतरून ढकलत ने की!" तीही हसली होती.

लेक अंगाने हडकुळी. आडव्या वाऱ्यात पुढचं उंच रिमचं चाक तिला रस्त्याबाहेर नेईल, ते बदलायला हवं. मागचं टायर मात्र कोरं होतं, आठ महिने चालवून त्यावरची रबराचे केसही झडले नव्हते. बायको हलक्या हाताने चालवायची, असं तो चारचौघांत सांगत आला होता.

पुढचं चाक घेऊन तो दुकानात गेला. छर्रा चहाला गेलेला. बसक्या रिमचं चाक शोधायला हा आतल्या खोलीत शिरला, तर खुंटीला एक मागचं चाक, त्यावर पट्टी, पट्टीवर 'वहिनी'. टायर पार झिजलेलं. मोठ्या चकतीवर त्याने सवयीने बोट फिरवलं. चौतीस.

छर्रा आला आणि दारातच थबकला.

"हे काय आहे रे?"

"आधी बस."

"बसायला नाही आलो."

"वहिनी सकाळी इथे यायच्या. हे चाक लावून चढ करायच्या, परतताना तुझं चाक लावून घरी. छातीवर जोर नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खरं तर सायकलच बंद करा म्हणाले होते."

"आणि तू चाकं बदलून देत होतास."

"शपथ घातली होती त्यांनी. 'यांना कळलं तर घरी बसवतील', म्हणाल्या."

"बसवलंच असतं! आज घरी बसलेली असती!"

छर्रा खुंटीवरच्या चाकाची पट्टी सरळ करू लागला.

"त्या दिवशी हवा भरायला आली होती ना?"

"चाक बदलायला."

"अजून कोणाला माहीत आहे?"

"पोरीला," छर्रा अगदी हळू म्हणाला.

पुढचं चाक तिथेच टाकून तो घरी आला. लेक बूट घालत होती. त्याचं तोंड बघूनच तिला उमजलं.

"बाबा, तुम्ही हसला नसतात, तर आईने तुम्हालाच सांगितलं असतं."

"एकदा हसलो, म्हणून तिघांनी मिळून मला येडा बनवायचं? माझी बायको होती ती!"

"तिला शर्यत करायची होती हो. मी थांबवलं असतं, तर मलाही काही सांगितलं नसतं तिने."

तो सायकलजवळ जाऊन बसला. भांडायचं होतं ते बायकोशी, आणि तिने तेवढी सोयही ठेवली नव्हती. आठ महिने ती रोज सकाळी त्याला 'येते हं' म्हणून निघाली होती.

लेकीने विचारलं, "मला कुठलं चाक लावणार?"

"चौतीस," तो म्हणाला. सात चढांना आणि त्या वाऱ्याला तेच लागतं. तेव्हाही तेच लागत होतं.

आज शुक्रवार. छऱ्याचे चार फोन येऊन गेले, याने एकही उचलला नाही. सायकल उलटी करून ठेवली आहे. चौतीस दातांचं चाक दुकानातच आहे, आणि ते आणायला अजून कोणी गेलेलं नाही.