दोन ‘दुसऱ्या’

मित्रांनो, मी दवाखान्यातला एक जुना संगणक आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. आधी मी छापखान्यात होतो. नवा होतो तोवर कौतुक झालं, मंदावलो तसा कोपऱ्यात गेलो. इथल्या नर्सबाईंच्या दिराने मला उचलून आणलं, धूळ झटकली, लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली. फुकटात कोण कोणासाठी एवढं राबतं? तेव्हापासून माझी त्याच्यावर नजर आहे.

नर्सबाई बाळांच्या लसींची नोंद माझ्यात ठेवू लागल्या. नोंदींचे तक्ते आखायचं एक सॉफ्टवेअर त्या शिकल्या. दिरानेही घरी बसून थोडी मदत केली. पहिल्या लसींचा एक तक्ता, नाव ‘पहिल्या’; दुसऱ्या लसींचा एक, नाव ‘दुसऱ्या’. दोन्हींमध्ये रेघ जोडून तिच्यावर तक्त्याचं नाव लिहिलं की दुसरी लस राहिलेल्या बाळांची यादी निघणार होती.

रेघ जोडेचना. ‘दुसऱ्या’ नावाचा तक्ता सापडत नाही, असं मी लाल अक्षरांत सांगत होतो. तक्ता तर पडद्यावर समोरच होता. तिकडे बाळांच्या तारखा उलटत होत्या, आणि वह्यांमधून हाताने शोधायचं तर आठवडा गेला असता.

दीर आला. त्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, मला चारदा बंद-चालू केलं.

“वहिनी, या खटाऱ्यातलं सगळं पुसून नव्याने घालू.”

“आणि नोंदी?”

“पुन्हा भराव्या लागतील.”

म्हटलं नव्हतं, याच्या मनात काळंबेरं आहे म्हणून?

“थांबा भावजी. नाव सापडत नाही म्हणतोय ना, मी नावच पुसून परत लिहिते.”

बाईंचा हात नाडी बघणारा. काहीही करताना त्या मनात मोजतात. तक्त्यावरचं ‘दुसऱ्या’ पुसायच्या बटणाच्या सात टिचक्यांत पुसलं गेलं. रेघेवरचं पुसायला आठ लागल्या.

“हे एक जास्तीचं कुठून आलं?”

दीर ओशाळला. रेघेवरचं नाव त्याने घरच्या कीबोर्डवर लिहिलं होतं. तिथे ‘ऱ्य’ लिहिताना र आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं चिन्ह बसतं. माणसांना दोन्ही शब्द सारखेच. माझ्या लेखी ती दोन वेगळी नावं.

“म्हणजे खटारा मीच,” तो म्हणाला. माझा संशय खरा ठरला, पण त्याच्या मनात वाईट नव्हतं, हेही मला कबूल करावं लागतं.

यादी निघाली. तेवीस बाळं. बाईंनी लगेच पहिला फोन लावला.

“दुसरीपण असते का?” पलीकडून आई म्हणाली. “आम्हाला वाटलं, झालं एकदाचं.”

“असते गं. उद्या घेऊन ये बाळाला.”

मित्रांनो, संशय घ्या, खुशाल घ्या. पण माझ्यासारख्या म्हाताऱ्याला पुसायला निघाल, तेव्हा आधी त्याची लाल अक्षरं नीट वाचा. त्याच्या पोटात कोणाच्या तरी बाळाचं नाव असतं.