जावईबापूंचं ॲप

सौंसरच्या संत्रा उत्पादक मंडळाचं ॲप कसं आहे, असं कुणालाही विचारलं की उत्तर एकच मिळायचं: झकास! पाचपैकी चार पूर्णांक नऊ तारे होते त्याला. एवढे तारे मिळवलेलं हे ॲप स्वतःच्या हातानं शेवटपर्यंत भरलेला माणूस मात्र चारशे सभासदांत शोधूनही सापडला नसता. हे फक्त पूजाला ठाऊक होतं, कारण भरून घ्यायला सगळे तिच्याच टेबलाशी येत.

पूजा मंडळाच्या केंद्रावर ऑपरेटर होती. संत्रा तोडला की कॅरेटात, म्हणजे प्लॅस्टिकच्या पेट्यांत भरून केंद्रावर आणायचा, तिथं मशीनवर तो धुतला जायचा, लहानमोठा वेगळा व्हायचा, मग बाहेरगावी जायचा. मशीन एक आणि बागायतदार चारशे, म्हणून आधी नंबर लावावा लागे. त्या नंबरासाठी हे ॲप. ते केलं होतं अंकुररावांनी, आणि अंकुरराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष यशवंतराव यांचे पुण्याचे जावई. सासऱ्यांनी शब्द टाकला, त्यांनी चार रविवार खर्ची घालून ॲप फुकट करून दिलं. आता सासरच्यांनी जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. आणि घेतलंच, तर त्या वस्तूला नावं ठेवणं म्हणजे अगदीच पायरी सोडणं. यशवंतरावांचा जावई तो साऱ्या मंडळाचा जावई, असा हिशेब असल्यामुळे चारशे माणसं वर्षभर तोंड दाबून बसली होती.

पूजालाही ते दाबता आलं असतं. पण तिचा जीव अडकला होता बोरगावच्या एकशे साठ झाडांत. ती झाडं तिच्या आईची, इंदूची. मागच्या वर्षी पूजा म्हणाली होती, आई, मी लावून देते नंबर. इंदूनं ऐकलं नाही. "मले काय अक्षर येत नाही का? माह्यं मी पाहीन," म्हणाली, आणि रेंज मिळावी म्हणून गच्चीवर जाऊन तासभर बसली. दुसऱ्या दिवशी ट्रॉली भरून ती केंद्राच्या फाटकाशी आली, तेव्हा यादी घेऊन पूजाच उभी होती. यादीत इंदूचं नाव नव्हतं. मागं वीस ट्रॉल्या उभ्या, सगळ्यांचे कान इकडे, आणि पोरीनं आईला सांगितलं की तुझा नंबर लागलेला नाही. इंदूनं तिच्याकडे न पाहता ट्रॉली वळवून घेतली. दोन दिवस माल उन्हात पडला आणि नरम झाला.

यंदा दिवाळीच्या आधीच इंदूनं जाहीर करून टाकलं, बगीच्यातला माल तोडायच्या आधी झाडावरच व्यापाऱ्याला विकणार. तो रविवारी बगीचा पाहायला येणार होता. "आपल्याच्यानं नाही होत ते केंद्रफेंद्र," एवढंच ती म्हणाली. आई अजून आपल्यावर रागावलेली आहे, असं पूजानं धरून ठेवलं, आणि ते तिला फार लागलं. ज्या केंद्रावर आपण नोकरी करतो तिथं आपल्याच घरचा संत्रा येऊ नये, ह्यापेक्षा वाईट काय असणार? म्हणून तिनं ॲप नव्यानं कसं असावं ते कागदावर काढलं. मोबाईलच्या आकाराचे तीन चौकोन, बस. ते घेऊन ती यशवंतरावांकडे गेली.

यशवंतरावांनी कागद उलटे धरून पाहिले, मग सुलटे धरून पाहिले.

"पूजा बेटा, तू म्हनून राहिली थे खरं आहे," ते म्हणाले. "पन गुरुवारच्या मीटिंगले जवाईबापू समोर बसले राहतीन. दिवाळीले आलेल्या मानसाले असं तोंडावर सांगतात का? थे गेले का मंग सांग."

"थे गेल्यावर ऐकनार कोन, काका? करनार तर थेच आहेत."

यशवंतरावांना हे पटलं, पण पटल्याचं तोंडावर दिसू न देता त्यांनी चहानंतरची पाच मिनिटं तिला दिली. विषयपत्रिकेवर तिनं लिहिलं होतं 'ॲपच्या अडचणी'. त्यांनी स्वतःच्या हातानं ते खोडून 'ॲपची पुढील वाटचाल' असं केलं, आणि त्याच्या वरच्या ओळीत 'जावईबापूंचा सत्कार' घातला.

गुरुवारी केंद्राच्या शेडमध्ये सत्तरेक माणसं जमली. अंकुररावांना पांढुर्ण्याच्या स्टेशनवरून आणायला गेलेल्या जीपपासून ते आज सकाळच्या नाश्त्यापर्यंत त्यांचं जे कौतुक चाललं होतं, त्यानं ते जरा जडच झाले होते. शेला, नारळ, टाळ्या. त्यांनी भाषणात चार पूर्णांक नऊ ताऱ्यांचा उल्लेख दोनदा केला. त्यांची बायको अमिता पहिल्या रांगेत बसून छताकडे पाहत होती.

मग पूजाचं नाव पुकारलं गेलं. ती उठली खरी, पण समोर मांडीवर नारळ घेऊन बसलेले अंकुरराव दिसले आणि तिला घाम फुटला. पाठ केलेलं पहिलं वाक्य होतं, 'ह्या ॲपमध्ये चौदा दोष आहेत.' नारळ घेतलेल्या माणसाला हे म्हणायचं कसं? तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"सर, यशवंतकाकांचा एक नंबर लावून देता का? त्याहीच्याच फोनवरून."

अंकुररावांनी हसून फोन घेतला. यशवंतरावांचा फोन लहान, कोपऱ्यातून तडकलेला. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला ते पडदा वर ढकलू लागले, खाली ढकलू लागले. 'पुढे' हे बटन कुठं दिसेना. साऱ्या मंडळाचा जावई साऱ्या मंडळासमोर अडकला होता, आणि हे कुणालाच पाहवेना. शेवटी सावरगावच्या वामनला राहवलं नाही.

"जवाईबापू, फोन आडवा धरा," तो हळूच म्हणाला. "आडवा केला का बटन दिसते."

अंकुररावांनी फोन आडवा धरला. बटन दिसलं. सगळ्यांना हायसं वाटलं. आता जिल्हा निवडायचा होता.

"त्याच्यात पांढुर्णा शोधू नका," पांढुर्ण्याचे भगवंतराव म्हणाले. आपलं गाव जिल्ह्याचं ठिकाण झालं त्या दिवसापासून ते पत्त्यात जिल्हा दोन वेळा लिहीत. "आपला नवा जिल्हा नाही त्याच्यात. जुना छिंदवाडाच टाका. मी आठ दिवस टाकला नाही, म्हनलं नंबर नाही लागला तरी चालते, मंग बायको बोलली तवा टाकला."

"कॅरेट किती थे नका टाकू, किलो टाका," मागून कुणीतरी ओरडलं. "आमी ऐंशी कॅरेट टाकले त याले वाटलं ऐंशी किलो."

"ओटीपी आला का घाई नका करू! पयला ओटीपी बाद राह्यते. दुसऱ्याची वाट पाहा."

आता धरण फुटलं. जावयाची फजिती होऊ नये ह्या एकाच कळकळीनं सत्तर माणसं उठून त्यांच्याभोवती जमली, आणि वर्षभर पोटात ठेवलेली एकेक युक्ती बाहेर काढू लागली. प्रत्येक युक्ती म्हणजे एकेक दोष होता. पूजाला एकही सांगावा लागला नाही. तिनं आपले कागद हळूच पाठीमागे धरले आणि हसू आवरलं. अंकुररावांच्या कपाळावर घाम आला होता, नारळ मांडीवरून घरंगळून यशवंतरावांच्या पायाशी गेला होता, तरी ते नेटानं शेवटच्या पडद्यापर्यंत पोचले. तिथं खाली एक भलं मोठं हिरवं बटन होतं. सुटलो एकदाचा, अशा चेहऱ्यानं त्यांनी ते दाबलं.

"अर्रर्र!" सत्तर तोंडांतून एकदम निघालं.

पडदा कोरा झाला. हिरव्या बटनावर बारीक अक्षरांत 'पुन्हा सुरुवात करा' असं लिहिलेलं होतं. नंबर पक्का करायचं बटन वर कोपऱ्यात होतं, राखाडी, तांदळाएवढं.

"फोनच भिकार आहे माह्या," यशवंतराव घाईघाईनं म्हणाले. "तुमची काई चूक नाही, जवाईबापू."

अंकुरराव त्या कोऱ्या पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "पण मग तारे? बहुतेकांनी पाच-पाच तारे दिलेत."

वामननं मान खाजवली. "पाचाच्या कमी देल्ले का चौदा प्रश्न इचारते ना थे. भरल्याशिवाय सोडत नाही. पाच देल्ले का लवकर सुट्टी होते."

अमिता पहिल्यांदा मोठ्यानं हसली, आणि मग अंकुररावही हसले. कान लाल झाले होते, पण हसले मनापासून. पूजाला त्या क्षणी ते आवडले. आपण केलेली वस्तू भर सभेत आपल्याच हातात तुटली, तर किती माणसं हसू शकतात?

"एवढं सगळं असताना चारशे नंबर लागले कसे?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी पूजाकडे पाहिलं. अंकुररावांनीही पाहिलं, आणि मग तिच्या पाठीमागच्या कागदांकडे हात पुढे केला.

दोन दिवस अंकुरराव केंद्राच्या ऑफिसातून हलले नाहीत. सासूबाई अनारसे आणि चकल्या डब्यात घालून तिथंच पाठवत होत्या, आणि जावयाला सुट्टीत कामाला लावलं म्हणून यशवंतरावांना रोज बोलणी बसत होती. पूजा कागदावर दाखवी, अंकुरराव मोबाईलवर उतरवीत. चौदा प्रश्न गेले, तारे गेले, जिल्हा आला. "हे पहिल्यांदा कुणाला देऊन पाहायचं?" शनिवारी त्यांनी विचारलं.

"माझ्या आईला," पूजा म्हणाली. व्यापारी उद्या यायचा होता.

दुपारी तिघं बोरगावला गेले, अंकुरराव, अमिता आणि पूजा. इंदू अंगणात तूर निवडत होती. अध्यक्षांचे जावई म्हटल्यावर ती उठून उभी राहिली, चटई टाकली, पण अंकुररावांनी तिचं नाव-गाव आधीच घातलेला मोबाईल पुढे केल्यावर तिनं हात पदरात घेतले.

"मले नका देऊ बापा. माह्याच्यानं बिघडून जाईन."

"बिघडला तर बिघडला, आई," पूजा म्हणाली. अंकुररावांना तिनं वाटेतच बजावलं होतं, आई अडली तरी तोंड उघडायचं नाही. ते दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

इंदूनं बोट पुसलं आणि पडदा पाहिला. कॅरेट किती, असं विचारलं होतं. तिनं ऐंशी टाकले. कोणत्या दिवशी, असं विचारलं होतं. ती खूप वेळ थांबली, अंकुररावांनी श्वास रोखला, मग तिनं बुधवार दाबला. तिसऱ्या पडद्यावर तिचं नाव आलं, बुधवार, सकाळी नऊ.

"आता काय दाबू?"

"काहीच नाही, काकू," अंकुररावांना शेवटी राहवलं नाही. "झालं."

"एवढंच?" इंदूनं मोबाईल खाली ठेवला. "मंग मागच्या साली एवढं काय होतं याच्यात?"

अंकुररावांनी पूजाकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. हिरवं बटन, तांदळाएवढं बटन, सगळं. "ते मीच तसं ठेवलं होतं, काकू. गुरुवारी सगळ्यांसमोर मी स्वतः तेच दाबलं आणि सगळं पुसून बसलो. दुसरं कुणी काय करणार?"

इंदू तुरीकडे पाहत राहिली. "म्हनजे मागच्या साली माह्यी चूक नोती," ती म्हणाली. हे तिनं अंकुररावांनाही सांगितलं नाही आणि पूजालाही नाही, स्वतःलाच सांगितलं.

आई रागावली आहे असं पूजा वर्षभर समजत होती. आई रागावलीच नव्हती. फाटकाशी वीस ट्रॉल्यांसमोर जे झालं, ते आपल्या अडाणीपणानं झालं असं तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून ती माल झाडावरच देऊन मोकळी व्हायला निघाली होती. हे पोरीला तिनं सांगितलं नाही, आणि पोरीनं विचारलं नाही.

इंदू उठली. "च्या घेतल्याबिगर जाऊ नका, जवाईबापू," म्हणाली. दारापर्यंत जाऊन ती वळली. "पूजा, त्या व्यापाऱ्याचा नंबर लावून दे माह्या फोनात, त्याले सांगू दे उद्या येऊ नोको म्हनून."

पूजानं फोनसाठी हात पुढे केला. इंदूनं फोन पुढे केला आणि परत मागे घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "मीच शोधीन."