बठ्ठा म्हणजे किती

मोठ्या वर्तुळाच्या पोटात एक लहान वर्तुळ, आणि खाली बारीक अक्षरांत – सर्व माणसे मर्त्य आहेत... शेवंताने त्या लहान वर्तुळावर बोट ठेवलं. बोटाला पीठ होतं. पानावर पांढरा ठसा उमटला. तो पुसावा असं वाटलं नाही. हल्ली काही पुसावं, झटकावं, आवरावं असं आतून येतच नसे. हात आपले करत राहात, आणि ती कुठेतरी मागे, परक्या घरच्या ओट्यावर बसल्यासारखी, त्या हातांकडे बघत राही.

टपालाने आलेली तर्कशास्त्राची दोन पुस्तकं. एक जाडं, कॉलेजातलं; एक बारीक, मोठ्या टाइपाचं, चित्रांचं. "दोन्ही चाळ आणि एक ठरव," सकाळी कोर्टात निघताना शालिग्रामराव, मुलांचे नाना, म्हणाले होते, "सोमवारपासून तिघांना एकत्र बसवतो. बाकीचं होईल कसंही, पण माणसाला सरळ विचार करता आला पाहिजे." धुळ्याच्या कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांना दोन प्रश्नांत गप्प करणारा हा माणूस – त्यानेच दिवाळीनंतर मुलांची नावं शाळेतून काढली. लीलाधर शाळेत गेला, शाळेतून ताप घेऊन आला, आणि गेला. थोरल्या मुलाचं सगळं आयुष्य एवढ्या तीन तुकड्यांत मावलं, आणि त्यापुढे कुणी काही बोललं नाही. शेवंताही नाही. भिंतीला पाठ टेकावी तशी ती त्या तीन तुकड्यांना टेकली होती.

पण एक पुस्तक तिघांना पुरावं कसं? कुमुद चौदाची, चुडामण नऊचा, आणि सुशीलाला तर अजून सावली आपल्या मागे का लागते म्हणून रडू येतं...

"काय वाची राहिनी वं?" नणंद सोनगीरहून आलेली, सारं घर तिला अक्का म्हणे. ती दारात उभी होती. "बठ्ठा पोरे उपाशी शेतस, आन तू पुस्तक लिसन बशी राहिनी."

"बठ्ठा नाही, अक्का," आतून कुमुद म्हणाली. "चुडाने आत्ताच मूठभर शेंगदाणे हाणलेत. एक जरी खाल्लेला निघाला, तरी बठ्ठा म्हणता येत नाही."

"वकीलनी पोर!" अक्का हसली. "बोलाले नको, वाढाले ऊठ."

बठ्ठा. सर्व. किती साधा शब्द – आणि शेवंताला वाटलं, आपण तो दिवाळीपासून उच्चारलाच नाही. पूर्वी ताटं मांडताना ती हाक मारी, बठ्ठा आलात का रे, आणि परसातून, माडीवरून, जिन्याखालून होकार येत. जात्यावर बसली की ओवीत मुलांची नावं थोरल्यापासून धाकटीपर्यंत ओवली जात. आता पहिल्याच नावाशी जीभ थांबे आणि जातं नुसतं घरघरत राही. जे नाही ते बठ्ठ्यात धरायचं की नाही, हे ह्या पुस्तकात कुठे असेल...

तिने जाडं पुस्तक उघडलं. हेत्वाभास. मिलचा भोंगा वाजतो आणि मग दुपार होते. म्हणून भोंग्याने दुपार होते, असे म्हणणे चूक. एकामागून दुसरे आले, म्हणजे एकामुळे दुसरे आले असे नव्हे... तिने पुन्हा वाचलं. कसलाच धक्का बसला नाही. गार पाण्यात हात फार वेळ राहिला की पाणी गार लागत नाही, तसं.

"काल वाचलं मी ते," कुमुद वाटी पुसत जवळ बसली. आवाज खाली आला. "दूधवाल्या हिलालभाऊंचा झुलाल कधी शाळेत गेलाच नव्हता, आई. त्यालाही तोच ताप आला. त्याच पंधरवड्यात गेला."

शेवंताने पुस्तकातल्या त्याच ओळीवर बोट टेकवलं.

"बारीक पुस्तक घे. त्यात हे प्रकरण नाही."

"आणि तुझी शाळा? ती मग अशीच बंद राहील."

"नाना शिकवता शिकवता ह्या पानाशी आले, तर काय करतील गं?" कुमुदने वाटी उगाच पुन्हा पुसली. "ते कुठे जातील मग?"

खरंच, कुठे? शाळा नव्हे तर काय – पाणी, वारा, कुणाचा उष्टा पेरू? की काहीच नाही... भोंगा नसता वाजला तरी दुपार झालीच असती. मग मी कशाला टेकू? ती भिंत खोटी, हे शेवंताला आज कळलं नव्हतं. फार आधी कळलं होतं, आणि तिने ते कळू दिलं नव्हतं. आणि ही पोर, अजून परकराच्या घोळात पाय अडकणारी, बापाची भिंत पडू नये म्हणून आपल्या अंगावर घेऊन उभी आहे – पुढचं सारं शिकणं त्या भिंतीखाली घालून.

बाहेर सायकल टेकल्याचा आवाज झाला. शनिवारची अर्धी कचेरी. शालिग्रामराव न्हाणीपाशी पाय धूत होते, तांब्या खणखणला. "काय, ठरलं का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

कुमुद तिच्याकडे बघत होती. शेवंताने तोंड उघडलं, आणि शब्दाऐवजी आधी राग आला – कुणाचा ते कळेना, त्यांचा, पोरीच्या शहाणपणाचा, न सांगता गेलेल्या त्या लेकराचा – जडावलेल्या पायात रक्त फिरू लागलं की मुंग्या येतात, पाय टेकवत नाही, उचलवत नाही, तसा तो छातीभर चढत गेला; आणि दुखत होतं, दिवाळीनंतर पहिल्यांदाच चांगलंच दुखत होतं.