इशबेलच्या घरचा दोन कानांचा पेला

मी एक जुना लाकडी पेला आहे, मित्रांनो. मला धरायला दोन कान आहेत, आणि जे घडलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

इशबेलच्या पणजोबांनी मला घडवलं. फिकट आणि गडद लाकडाच्या पट्ट्या एकाआड एक बसवून त्यांनी ओल्या फांदीच्या कड्यांनी आवळल्या. आमच्या बेटावर असल्या पेल्यातून एकट्यानं पीत नाहीत. यजमान एक कान धरतो, पाहुणा दुसरा. दोघांचे उजवे हात असे गुंतले की सुरा काढायला कुणी मोकळं राहत नाही. एका पेल्यातून प्यायलेल्याशी दगा करायचा नाही आणि पिताना बोललेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हा इथला रिवाज. तो कुणी मोडेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

इशबेल कादंबऱ्या लिहिते. जुने सरदार, त्यांचे किल्ले, त्यांच्या लढाया, हेच तिचं वेड. लिहायला बसली की चुलीवरची पेज करपून कोळसा झाली तरी हिला पत्ता नसतो. शेजारचा मेंढपाळ टॉरकिल तिला चिडवायचा, "अगं, कधी जिवंत माणसांशीही बोलत जा. मेलेले काय, पळून नाही जात." तरी दर हिवाळ्यात तो यायचा, ओटची भाकरी आणि खारवलेला मासा खायचा आणि माझा एक कान धरायचा.

असाच एकदा पिता पिता तो थांबला. "आमच्या घरातलं आहे हे. माझ्या पोरांनाही सांगितलं नाही मी." सातशे वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजानं, रुअरीनं, शेजारच्या सरदाराला जेवायला बोलावलं, एका पेल्यातून पाजलं आणि पेला खाली ठेवताच भोसकलं. सांगताना टॉरकिलनं माझा कान घट्ट आवळून धरला होता. वर्षं कितीही जावोत, घराण्याची लाज ती लाजच. इशबेलनं त्याच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, विषय तिथंच मिटला.

पुढे तिची नवी कादंबरी आली. गावच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. मला घासूनपुसून नेलं होतं, काय ऐट होती माझी! तिनं एक प्रकरण वाचायला घेतलं. मेजवानी, पेला, सुरा. नाव रुअरीच, घराणंही तेच. मी गारच पडलो. पहिल्या रांगेत टॉरकिलची दोन्ही पोरं बापाच्या तोंडाकडे बघत होती.

टाळ्या झाल्या. इशबेलनं व्हिस्की ओतली आणि मला टॉरकिलपुढे धरलं. "पहिला मान तुझा."

त्यानं हात खिशातच ठेवले.

"अरे, सातशे वर्षं झाली," ती हसत म्हणाली. "आता कुणाला काय त्याचं?"

"रुअरीनं निदान समोरून वार केला," टॉरकिल हळू आवाजात म्हणाला. "कोण मारतंय, ते त्या बिचाऱ्याला दिसलं तरी."

पोरांना घेऊन तो निघून गेला. इशबेलचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्या जुन्या माणसांची मनं ओळखणारी ही बाई, हिला शेजारचा माणूस कळू नये? राग यायला हवा होता, पण मला तिची कीवच आली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन त्याच्या दारात गेली. "चुकले मी, टॉरकिल. पुस्तक मागे घ्यायला सांगितलंय."

त्यानं मला हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि मला परत तिच्या हातात दिलं.

"पेला चांगला आहे, बाई. जपून ठेवा."

आणि दार लागलं.

मित्रांनो, तेव्हापासून मी फडताळात आहे. धूळ बसते, तिचं मला काही नाही, धूळ पुसता येते. पण कुणी विश्वासानं काही सांगितलं, तर त्याची कितीही सुंदर गोष्ट होत असली तरी ते पोटात ठेवा. मला धरायला दोन माणसं लागतात, आणि आमच्या घरी आता एकच आहे.