आंधळीचा डोह

ला पाल्मा बेटावर काठ्या टेकत डोंगर तुडवायला येणाऱ्या प्रवाशांना कडे, जंगलं, काळी पुळण, काय हवं ते दाखवतात. फिलोमेनाच्या गावाने समुद्रकाठच्या खडकातला एक डोह मात्र स्वतःसाठी राखला होता. शेजारच्या गावचा डोह वर्तमानपत्रात झळकला आणि तिथल्या माणसांनाच पाय बुडवायला जागा उरली नाही. तेव्हापासून ठरलेलं: कुणी डोह विचारला, की त्याला दीपगृहापलीकडच्या खाचेतल्या भलत्याच डोहाकडे धाडायचं. फिलोमेनाची खानावळ रस्त्यालगत, त्यामुळे थापा मारण्याचं पुण्य बहुतेक तिच्याच पदरात पडे, आणि ती ते आनंदाने घेई.

त्या दुपारी ती मासे तळत होती. पाठीवर पिशवी घेतलेली एक तरुणी दारात आली.

"मावशी, आंधळीचा डोह कुठे हो?"

"दीपगृह ओलांड, डावीकडची पायवाट. खाली खडकात दिसेलच," मान वर न करता फिलोमेना म्हणाली.

मुलगी गेली. कोपऱ्यात वाइन पीत बसलेला शेळ्यावाला अन्सेल्मो तासाभराने खाकरला. "फिलो, तू बहिरी का मी? मघाची पोरगी आंधळीचा म्हणाली. नकाशावर हे नाव कुठाय?"

झारा तसाच राहिला. ते नाव गावाबाहेर न्यायला गावचंच माणूस लागतं. शिवाय मुलीच्या बोलण्याला व्हेनेझुएलाचा हेल होता. गावातून तिकडे पोटासाठी गेले पुष्कळ, पण एकदाही न परतलेला एकच, सिल्व्हेरिओ. त्यानेच पाण्याला भिणाऱ्या फिलोमेनाला त्या डोहात पोहायला शिकवलं होतं. पुढे तिने त्याची किती वाट पाहिली ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणी बोलत नसे एवढंच.

"मेले मी! त्याच्या लेकीलाच चकवलं," ती म्हणाली. "अन्सेल्मो, कढई उतरव!"

दीपगृहापाशी पोहोचेतो तिला धाप लागली. मुलगी समोरून येत होती, केस ओले, चेहरा निवांत.

"मावशी! तुमचे उपकार झाले. मी यारित्सा. बाबांची राख सोडायची होती. त्या डोहातच सोड म्हणाले होते. सोडली, आणि मीही पोहले."

फिलोमेनाने खालच्या त्या भलत्याच खाचेकडे पाहिलं. राख काही समुद्रातून परत वेचता येत नाही. खरं सांगितलं, तर पोरीच्या चेहऱ्यावरचा हा निवांतपणा जन्माचा जाणार.

"बाबा म्हणायचे, तळाशी गोडा झरा आहे, पायाला गार लागतो. मला नाही लागला."

"भरतीला नाही लागत, बाळ."

"इथे ते एका घाबरट मुलीला पोहायला शिकवायचे. शेवटपर्यंत तिच्याच गोष्टी. आई जाम चिडायची!" यारित्सा हसली. "ती आहे का हो गावात? तिच्याबरोबर एकदा खाली जायचंय, ते कुठे बसायचे ते बघायला."

इतकी वर्षं फिलोमेनाला हेच एक ऐकायचं होतं. पण या खाचेत तो कधी बसलाच नव्हता.

"नाही गं," ती म्हणाली. "अशी कुणी असल्याचं मला तरी आठवत नाही."