पाणी न पिणारी बाई

चोवीस घरं झाली होती. पंचविसावं तेवढं राहिलं होतं, आणि ते बदलता येत नव्हतं.

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्र घेतलं की पाहणीसाठी एक गाव निवडावं लागायचं. मी वाशीला राहणारी, जवळ म्हणून घणसोली घेतलं. गावातलं दर दहावं घर. दार बंद असलं तर पुन्हा जायचं; शेजारची बाई गोड बोलते म्हणून तिच्याकडे बसायचं नाही. "एवढं पाळलंत की निम्मा अभ्यास झाला," असं आमच्या सुनीती मॅडम म्हणायच्या. त्या माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणे, त्या मला सरोजिनीताई.

लग्नामुळे सुटलेली पदवी मी अकरा वर्षांनी पुरी करायला निघाले होते. ह्यांनी एकच वर्ष दिलं होतं. "यंदा झालं तर झालं," इतकंच म्हणाले होते, तेही रागानं नव्हे. प्रकल्प दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायचा होता. नाही दिला तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

त्यात माझा चातुर्मास चालू होता. रोज पोथीचा एक अध्याय, तुळशीला अकरा प्रदक्षिणा, आणि परान्न वर्ज्य. दुसऱ्याच्या घरचं काही खायचं नाही. त्यामुळे चोवीस घरांत चोवीस वेळा चहा पुढे आला आणि चोवीस वेळा मी हात जोडले. पिशवीत माझा फिरकीच्या झाकणाचा तांब्या असे. तहान लागली की त्यातलं पाणी प्यायची.

पंचविसावं घर शेवंताबाईंचं. साठीच्या, मिठागरावर उभा जन्म काढलेल्या. मुलगा बेलापूर रोडवरच्या कंपनीत, त्या स्वतः नाक्यावर भाजी घेऊन बसत. दोनदा गेले, दोन्ही वेळा त्यांनी चहा ठेवला, मी हात जोडले, त्यांनी कप उचलला आणि म्हणाल्या, "आज येल नाय." तिसऱ्यांदा गेले तो दसऱ्याच्या आदला दिवस होता.

"मावशी, वीस मिनिटांचं काम आहे."

"चा पी, मंग विचार."

"माझं व्रत आहे, मावशी. चातुर्मासात मी कुणाकडचंच खात नाही."

"कुनाकडचंच?"

"सख्ख्या बहिणीकडचंही नाही."

त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. "त्या तांब्यात काय हाय?"

"पाणी."

"पान्याचं पन वरत हाय?"

व्रत अन्नाचं होतं. बहिणीकडे गेले की तिच्या माठातलं पाणी मी पितेच.

"गावात तुला काय म्हनतात म्हाईत हाय? पानी न पिनारी बाय." त्या हसल्या. "तुज्या कागदावर तो सवाल हाय ना, दुसऱ्या जातीच्या घरचं खाता-पिता का म्हनून? सगल्यांनी काय सांगलं?"

तो चौदावा प्रश्न. "नाही म्हणाले," मी म्हटलं. चोवीसपैकी तेवीस जण. मॅडमनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढून 'महत्त्वाचा निष्कर्ष' असं लिहिलं होतं. माझा सगळा प्रकल्प त्या आकड्यावर उभा होता.

"म्हननारच. तू तांब्या घेऊन बसलीस. तू आमचं पानी पीत नाय, तर आमी कशाला सांगू, आमी सगल्यांचं खातो म्हनून? आमाला काय इज्जत नाय? ती भागीरथी, कंपनीतल्या चार जातींच्या बायांबरोबर एका डब्यात जेवते. तिनं पन नाय सांगलं. तू गेल्यावर हसत होती."

मी मांडीवरचा भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घट्ट धरला. म्हटलं, "मग खरं कोण सांगेल मला?"

"मी सांगीन. पन आधी जेवान. माज्याकडं तू जेवत नाय, तर मी तुज्याकडं जेवन. तुजं वरत मोडाला नको. चालंल?"

"चालेल," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच बारीक. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पुन्हा सांगितलं, "द्वादशीला या. एकादशीच्या पारण्याला आमच्याकडे एक पान बाहेरचं असतंच."

मधले दोन दिवस मला कशातच स्वस्थता नव्हती. पोथी वाचताना ओव्या डोळ्यांखालून जायच्या आणि अध्याय संपला की काय वाचलं ते आठवायचं नाही. प्रदक्षिणा सात झाल्या की आठ, ते कळेना. पुन्हा पहिल्यापासून घातल्या. गठ्ठा कपाटात ठेवला, काढला, परत ठेवला. तसाच नेऊन दिला असता तर कुणाला कळणार होतं? आणि ते मनात आलं म्हणून आणखी घाबरायला व्हायचं.

सासूबाईंनी विचारलं, "कोण येणार आहे म्हणालीस?"

"घणसोलीच्या एक बाई आहेत."

"मासे खाणारी माणसं ती. बसतील कुठे?"

"आपल्याबरोबर. पाटावर."

"बघ बाई. व्रत तुझं आहे," म्हणाल्या आणि वाती वळायला बसल्या.

द्वादशीला शेवंताबाई वेळेआधीच आल्या. डोक्याला तेल, धुवट लुगडं, हातात दोन पडवळं. "शिजवलेली नायत. घ्याला हरकत नाय ना?" सासूबाईंनासुद्धा हसू आलं.

मी ताटं मांडायला घेतली. आमची तीन फळीवरून काढली आणि चौथं ओट्याखालून. मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, आणि तेव्हा हातातलं ताट दिसलं. ओट्याखाली ताट आणि कप असतो तो आमच्या कामवाल्या सखूचा. सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप खाली गेला होता. घाईनं मी फळीवरचं ताट काढलं, त्यात पुन्हा मीठ वाढलं. वळून पाहिलं तर शेवंताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

त्या पोटभर जेवल्या. वरण दोनदा मागून घेतलं. "फोडनी बेस हाय, वैनी," असं सासूबाईंना म्हणाल्या, आणि सासूबाईंनी "घ्या अजून," म्हणून भात वाढला.

जेवणं झाल्यावर प्रश्नावली भरली. घरात माणसं किती, जमीन किती होती, कधी गेली, कोण कुठे कामाला. त्यांनी सगळं नीट सांगितलं. चौदाव्यावर आलो.

"खाते. सगल्यांकडं खाते. लिव."

मी 'होय'वर खूण केली.

"आनि ते पयलं ताट कोनाचं?"

"आमच्याकडे काम करते तिचं."

"हां." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "मी काय बोलत नाय. जेवले, बरं वाटलं. पन ते बी लिव कुठंतरी. आमचं सगलं लिवतेस ना."

त्या गेल्यावर मी एक कोरी प्रश्नावली घेतली. नाव, वय तेहतीस, जात, शिक्षण. चौदाव्या प्रश्नाशी पेन थांबलं. 'नाही'वर खूण केली आणि खाली शेऱ्यात लिहिलं: 'व्रत अन्नाचे होते. पाणी का घेतले नाही हे सांगता येत नाही. मी पाणी न घेतल्यामुळे गावातली चौदाव्या प्रश्नाची उत्तरे विश्वासार्ह नाहीत.' ताटाचंही लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते पान दोनदा वाचलं.

"सरोजिनीताई, हे जोडलंत तर तुमचा निष्कर्षच उरत नाही."

"हो."

"दुसरं कुणी हे पाहणार नाही. पान काढायचंय का?"

"नको."

"काय म्हणालात?"

"नको म्हटलं, मॅडम."

त्यांनी आधी ओढलेल्या दोन रेघा खोडल्या, कॅलेंडर पाहिलं. "आठ दिवस देते. चोवीसही घरं पुन्हा. नाही जमलं तर मी काही करू शकणार नाही."

घरी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आठ दिवसांत चोवीस?" आणि वर्तमानपत्र उलटलं.

दुसऱ्या दिवशी पोथी झाली, प्रदक्षिणा झाल्या. तांब्या फळीवर ठेवला आणि पिशवी घेऊन निघाले. बस लवकर मिळेना म्हणून बराच वेळ उभी राहिले, नाक्यापासून गावापर्यंत भराभर चालले. भागीरथीच्या ओट्यावर टेकले तेव्हा घसा कोरडा पडला होता. ती दारात येऊन माझ्याकडे, मग पिशवीकडे बघत राहिली.

"परत आलात, बाय? तेव्हा सांगलं ना सगलं."

"हो," मी म्हटलं. "आधी जरा पाणी द्याल का प्यायला?"

ती आत गेली. पेला विसळल्याचा आवाज आला. नंतर पुन्हा विसळल्याचा. मी गुडघ्यावर कोरा कागद धरून बसले होते, आणि मला वाटत होतं, किती वेळ लावतेय ही.